गिधाडवाली

मागच्या अंकात १९२१ सालच्या ‘डी गायरवाली’ या जर्मन मूकपटावर मी पाऊण पान लिहिले होते. आल्प्सच्या डोंगरातली गोष्ट, विल्हेल्मिने फोन हिलर्न या लेखिकेच्या गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेली. त्यावर इतकी पत्रे आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. या वेळचे पान वालीचे.

तुमचे वाचून सिनेमा मोबाइलवर लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. सगळे तुरुतुरु धावतात, डोळे मोठे करतात, पाट्या जर्मनमध्ये. यात नेमके बघायचे काय?
— कॉलेजचा विद्यार्थी, दादर

तुला एकेरीच लिहिते, माझा नातू तुझ्याएवढा आहे.

आधी त्या धावण्याचे. मूकपटाच्या काळी कॅमेरामन हाताने दांडी फिरवायचा. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे उमटायची. बोलपट आल्यावर आवाज नीट वाजावा म्हणून चोवीसचा वेग पक्का झाला. अठराने टिपलेले चोवीसने दाखवले की माणसे पळणारच. माझे वडील लॅमिंग्टन रोडच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. ते म्हणायचे, पडद्यावरचा माणूस जिना उतरताना बघ. पाऊल पायरीवर वजनाने टेकले तर वेग बरोबर, नुसते शिवून गेले तर चूक. तू मोबाइलवर वेग पाऊणपट कर आणि वाली झालेली हेन्नी पोर्टेन चालताना बघ. तिचे पाय जमिनीवर टेकायला लागतील.

पाट्यांची काळजी सोड. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा बघणाऱ्यांपैकी किती जणांना पाट्या वाचता येत होत्या? गोष्ट घरून माहीत होती, म्हणून सिनेमा कळला. वालीची गोष्टही आधी ऐकून घे.

श्ट्रोमिंगर हा डोंगरातला तालेवार शेतकरी. त्याला वाली ही एकच मुलगी, मुलासारखी वाढवलेली. कड्यातल्या घरट्यातून गिधाडाचे पिल्लू काढायला गावातला एकही गडी धजत नाही, तेव्हा ही कमरेला दोर बांधून उतरते, चवताळलेल्या पक्ष्याशी झुंजते आणि पिल्लू घेऊन वर येते. तेच पिल्लू पुढे तिची सोबत. जर्मनमध्ये ‘गायर’ म्हणजे गिधाड आणि ‘वाली’ हे वालबुर्गा या नावाचे लाडके रूप. मराठी कानाला मात्र ती भाजीवाली, मासेवालीच्या रांगेतली गिधाडवाली वाटते. शिवाय ‘तिला कुणी वाली नाही’ हेही आठवते. दोन्ही तिला लागू पडते.

तिचे मन अस्वल मारणाऱ्या योझेफवर जडते. बापाला तो डोळ्यांसमोर नको. बापाने निवडलेल्या विन्सेन्झला ती नाही म्हणते आणि बाप तिला वर, हिमनदीच्या काठाला, शेरडांमागे हाकलतो. पुढे आग आहे, बापाचे मरण आहे, आणि भर नाचात योझेफने केलेला तिचा जाहीर अपमान आहे. त्या रागात ती म्हणून जाते की योझेफला जो मारील त्याची मी होईन. विन्सेन्झ ते खरे करायला निघतो. मग वाली पुन्हा दोर बांधते आणि दरीत पडलेल्या योझेफला काढायला उतरते. पहिल्यांदा पिल्लासाठी, दुसऱ्यांदा आपल्याच शब्दाने दरीत गेलेल्या माणसासाठी. गोष्टीची बांधणी या दोन उतरण्यांवर उभी आहे. मधले रुसवेफुगवे तू थोडे पुढे ढकललेस तरी मी रागावणार नाही.

आता बघायचे काय? पोर्टेनचे खांदे बघ. ही जर्मन पडद्याची पहिली मोठी तारका, त्या वेळी एकतीस वर्षांची. नाजूक दिसण्याचा ती प्रयत्नच करत नाही. जाड लोकरी घागरा, रुंद पाठ आणि बापासमोर उभी राहताना किंचित खाली गेलेली हनुवटी. बाप झालेला आल्बर्ट श्टाइनरुक बघ. आदल्याच वर्षी ‘गोलेम’ या मूकपटात तो राबी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होता. घरांची रचना पाउल लेनी याची. पुढे ‘वॅक्सवर्क्स’ दिग्दर्शित केला तोच हा. खोल्या अशा की छत डोक्यावर येईल असे वाटते, त्यामुळे दार उघडून बाहेर पडणाऱ्या मुलीचा श्वास आपल्यालाही ऐकू येतो. योझेफ झालेला विल्हेल्म डिटर्ले पुढे हॉलिवूडला गेला आणि ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’ (१९३७) दिग्दर्शित केला. दिग्दर्शक ए. आ. ड्युपाँ याचा ‘व्हारिएटे’ (१९२५) सापडला तर तोही बघ.

पोर्टेनबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचा नवरा विल्हेल्म फोन काउफमान डॉक्टर होता आणि ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर त्याला सोडावे म्हणून तिच्यावर दबाव आला. तिने सोडले नाही. देशातली सर्वांत लाडकी नटी, पण तिची कामे आटत गेली. त्याच राजवटीत, १९४० साली, हीच गोष्ट नव्याने चित्रित झाली, दुसऱ्या नटीला घेऊन. हे कळल्यापासून बापासमोरचा तिचा तो नकार मी वेगळ्या डोळ्यांनी बघते.

ही खऱ्या बाईची गोष्ट आहे असे तुम्ही ओझरते लिहिलेत. ती कोण होती? तिचे पुढे काय झाले?
— गृहिणी, लालबाग

ताई, याच प्रश्नाची मी वाट बघत होते.

तिचे नाव आना क्निटेल. जन्म १८४१चा, ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, लेख नदीच्या खोऱ्यातल्या एल्बिगनआल्प गावी. वडील बंदुका बनवायचे. योझेफ आंटोन कोख हा नावाजलेला निसर्गचित्रकार नात्याने तिचा आजोबा लागायचा, म्हणजे चित्रकला घरात होती. गावाजवळच्या कड्यात गरुडाचे घरटे होते. गरुड कोकरे नेतो म्हणून पिल्लू काढून आणायची रीत. एका वर्षी पुरुषांतले कुणी उतरायला तयार होईना. सतरा वर्षांची आना उतरली, पिल्लू घेऊन आली. काही वर्षांनी, १८६३ साली, पुन्हा एकदा उतरली.

मी पंचविशीत असताना खंडाळ्याच्या नागफणीवरून दोराने उतरले आहे. माझ्याकडे नायलॉनचा दोर होता, पट्ट्यांचे हार्नेस होते, वर बेले द्यायला, म्हणजे सुरक्षेचा दोर धरून ठेवायला, अनुभवी मुलगा होता. तरी कड्याच्या काठावर पाठमोरे उभे राहून मागे झुकण्याचा जो क्षण असतो, त्यात सगळे पाठांतर पुसले जाते. पाय म्हणतात, पुढे हो. दोर म्हणतो, मागे झुक. मागे झुकले तरच बूट कातळावर सपाट बसतो, हे अंगाला पटायला वेळ लागतो. मी खाली पोचले तेव्हा तळवे सोलले होते आणि जीभ टाळूला चिकटली होती. आनाच्या कमरेला वाखाचा दोर होता, अंगात घागरा किंवा उसनी विजार असेल, आणि खाली घरट्यात तिची वाट बघणारा चोचीचा जीव. त्या मुलीपुढे मी मनातल्या मनात अनेकदा हात जोडले आहेत.

पण खरी गोष्ट ती वर आल्यानंतरची आहे. आना चित्रकला शिकायला म्युनिकला गेली, १८५९ साली. मुलींना चित्रशाळांत सहज जागा नव्हती तो काळ. तिने स्वतःचे चित्र काढले, खोऱ्यातल्या पारंपरिक पोशाखातले, आणि इन्सब्रुकच्या फर्डिनांडेउम संग्रहालयाने ते विकत घेतले. एंगेलबर्ट श्टायनर या कारागिराशी तिने लग्न केले. मुले वाढवली, आल्प्सची रानफुले रंगवली, ती विकून घराला हातभार लावला, मुलींना चित्रकला शिकवली. १९१५ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. आणि त्या घरट्यातले आपले चित्रही तिने स्वतःच काढले. कड्यावर पाय रोवून, दोर बांधून उभी असलेली ती स्वतः.

हिलर्नबाईंनी इन्सब्रुकमध्ये ते चित्र पाहिले, चौकशी केली आणि कादंबरी लिहिली. १८७५ साली ती प्रसिद्ध झाली आणि भराभर इतर भाषांत गेली. लेख खोरे बदलून त्यांनी ओट्झ खोरे केले, प्रेम आणले, बाप आणला, आग लावली, सूड आणला. गोष्ट रसरशीत झाली यात शंका नाही. फक्त कुंचला गेला. कादंबरीतली वाली शेरडे राखते, जाळते, शाप देते, पश्चात्ताप करते. चित्र काढत नाही. आणि लेखिका कोण? शार्लोट बिर्श-फायफर या नटी-नाटककार बाईंची मुलगी, स्वतः रंगभूमीवर उभी राहिलेली, लेखणीने नाव मिळवलेली. अशा बाईने आपल्या नायिकेच्या हातातून कुंचला का काढून घेतला, हे मला चाळीस वर्षे छळते आहे. मला वाटते, धाडसी मुलगी वाचकांना हवी होती, पण धाडस करून झाल्यावर ती कुणाच्या तरी मिठीत संपायला हवी होती. चित्र काढून, विकून, म्हातारी होऊन मरणारी बाई गोष्टीत बसवायला लेखिकेचा हात धजला नसावा.

तुमच्या घरात मुली असतील तर त्यांना आधी आनाची गोष्ट सांगा, मग सिनेमा दाखवा. उलट करू नका.

सिनेमात गिधाड, तुम्ही मागच्या लेखात एका जागी गरुड म्हटलेत. नक्की काय? पक्षी पाहणारा माणूस आहे म्हणून विचारतो.
— निवृत्त बँक अधिकारी, मलबार हिल

दोन्ही खरे आहे, काका. आनाने काढले ते गरुडाचे पिल्लू. कादंबरीत त्याचे गिधाड झाले, तेही ‘लेमरगायर’, म्हणजे शब्दशः कोकरांचे गिधाड. आपल्या हिमालयात दिसते ते दाढीवाले गिधाड हेच.

त्या नावानेच बिचाऱ्याचा घात केला. हा पक्षी मुख्यतः हाडांवर जगतो. मोठे हाड उंच नेऊन खडकावर टाकतो, फोडतो आणि तुकडे गिळतो. कोकरे, अगदी लहान मुलेसुद्धा पळवतो अशी समजूत आल्प्सभर पसरली, बक्षिसे लावून त्याला मारले गेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो त्या डोंगरांतून नाहीसा झाला. म्हणजे हा मूकपट लोक थिएटरात बघत होते, तेव्हा वालीचा सोबती आल्प्सच्या आकाशात उरलेला नव्हता. १९८६ पासून ऑस्ट्रियात पाळून वाढवलेली पिल्ले पुन्हा सोडायला लागले आणि आता तो तिथे घरटी करतो.

तुम्ही राहता तिथल्या पारशी दोखम्यांवरची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यांवरची, गिधाडे तुम्ही लहानपणी पाहिली असतील. मी चौपाटीवरून पाहिली आहेत, वर घिरट्या घालणारी. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती गेली. मेलेल्या गुरातून औषध त्यांच्या पोटात जायचे आणि मूत्रपिंड निकामी व्हायचे. कारण कळले २००४च्या सुमारास, जनावरांसाठीच्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. आपल्या आकाशात ती अजून परतलेली नाहीत. तुमच्या जुन्या नोंदवहीत त्यांच्या तारखा असतील तर त्या वह्या टाकू नका.

माझे आजोबा मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये सुतारकाम करायचे. ते ‘ऑस्टेनसाहेब’ असे नाव घ्यायचे. जर्मन डोंगरी सिनेमाचा आणि त्यांचा काही संबंध?
— रिक्षाचालक, मालाड पूर्व

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचा. त्याचा धाकटा भाऊ पेटर ऑस्टरमायर याने तिथे कंपनी काढली, ‘एमेल्का’ या नावाने ओळखली जाणारी. म्युनिकच्या दारात बव्हेरियाचे डोंगर, आणि घराघरांत लुडविग गांगहोफरच्या कादंबऱ्या: शिकारी, मठ, कुरणे, हट्टी बाप. १९२० साली ऑस्टेनने गांगहोफरच्याच ‘डेअर क्लोस्टरयेगर’वरून, म्हणजे मठाच्या शिकाऱ्याच्या गोष्टीवरून, मूकपट केला. तुमच्या आजोबांचे साहेब म्हणजे लोकप्रिय कादंबरीवरून डोंगरी नाट्य करण्यात मुरलेला माणूस.

मग पुढे बॉम्बे टॉकीज काढणारे हिमांशू राय त्याला भेटले. एमेल्काच्या साथीने १९२५ चा ‘प्रेम संन्यास’ झाला, आणि १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिल्यावर ऑस्टेन इथेच काम करू लागला. १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्याचाच. देविका राणी झाली आहे रेल्वे फाटकवाल्याची मुलगी, प्रेम ब्राह्मणाच्या मुलावर, आणि गाव मध्ये उभे. डोंगर काढून तिथे रूळ घाला, गोष्ट ओळखीची वाटेल. कथा निरंजन पाल यांची, आपल्या मातीतली, हे विसरू नये; पण गावाची नजर एका मुलीभोवती कशी आवळत जाते हे दाखवण्याचा हात ऑस्टेनला आधीच बसलेला होता, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ मध्ये इंग्रज सरकारने त्याला नजरकैदेत टाकले. त्याचा कॅमेरामन योझेफ विर्शिंग, तोही म्युनिकचाच, युद्धानंतर इथेच राहिला. ‘महल’ (१९४९) त्याने टिपला, ‘पाकीजा’चे बरेचसे चित्रणही. १९६७ साली तो इथेच वारला.

आजोबांची हत्यारे, एखादा फोटो, पगाराची चिठ्ठी घरात असेल तर जपा. सेट बांधणाऱ्या सुतारांची नावे कुठल्याच पाटीवर आली नाहीत. आजोबांचे नाव, गाव, कामाची वर्षे एका कागदावर लिहून मला पाठवा. मी ते या पानावर छापीन.

वालीवर ऑपेरा आहे म्हणतात. कुठून सुरुवात करू?
— संगीतशिक्षिका, डोंबिवली

आल्फ्रेडो कातालानी यांचा ‘ला वाली’, मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात १८९२ साली पहिल्यांदा झाला. पहिल्या अंकातले ‘एब्बेन? ने आन्द्रो लोन्ताना’ आधी ऐका. ‘बरे तर, मी दूर निघून जाईन’ असा त्याचा अर्थ. बापाने हाकलल्यावरचे गाणे. शेवट हिमप्रपाताचा आहे आणि दोघेही त्यात जातात. नामवंत वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींना हे काम इतके प्रिय की त्यांनी मुलीचे नाव वाली ठेवले. तुमच्या विद्यार्थिनींना अर्थ न सांगता ऐकवा आणि मग विचारा, ही मुलगी कुठे निघाली आहे.

आपल्याकडे असा डोंगरावरचा, कादंबरीवरून घेतलेला मूकपट झाला नाही का?
— आठवीतली वाचक, विलेपार्ले

झाला होता, बाळ! १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ केला, हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. रात्रीची दृश्ये घेण्यासाठी त्यांनी विजेचे दिवे वापरले. आपल्याकडे ते तेव्हा नवल होते. व्ही. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. तिथेही कडा, तिथेही दोर. म्हणजे वालीच्या पाठोपाठ दोनच वर्षांनी आपला दोर कड्याला लागला होता.

माझ्या आजीने तो गिरगावात पाहिला होता. पडद्यासमोर पेटी-तबला वाजत होता, एक माणूस काठी घेऊन गोष्ट समजावत होता, आणि दोर कापला जातो तिथे पुढच्या बाकांवरचे गिरणीकामगार उठून उभे राहिले, असे ती सांगायची. मला मात्र तो कधी बघायला मिळाला नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. जी जळाली नाही ती दमट हवेत चिकट होऊन गेली, बरीचशी तिच्यातली चांदी काढायला विकली गेली. हजाराहून जास्त मूकपट आपल्या देशात झाले, हाताशी उरले ते फार थोडे. जर्मनांची वाली आपण बोटाने सरकवून बघू शकतो आणि आपला तानाजी नाही, हे मला फार लागते.

म्हणून तुला एक काम देते, आणि सगळ्याच वाचकांना. सुट्टीत आजोळी गेलीस की माळ्यावरच्या ट्रंका उघडायला सांग. त्या काळी थिएटरात सिनेमाच्या गोष्टीच्या पुस्तिका आणि जाहिरातीचे कागद वाटत. ‘सिंहगड’चा असा एखादा कागद निघाला तर मूळ पाठवू नकोस, दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठव. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, पावसाळ्यात आत घाम धरतो. जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळ आणि सपाट ठेव, घडी नको.